कळव्याची खोली आणि नातीचे बर्फावरचे नृत्य

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

‘माझे वय ६९. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यातून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलगा, सून आणि चौदा वर्षांच्या नातीसह आम्ही दोघे घोडबंदर रस्त्यावर राहतो. नात सातव्या वर्षापासून आर्टिस्टिक रोलर स्केटिंग, म्हणजे चाकांच्या बुटांवरचे कलात्मक स्केटिंग, करते. रोज पहाटे तिला रिंकवर नेणे-आणणे माझ्याकडे असते. गेली दोन वर्षे ती कपल डान्स करत होती, पण तिच्या जोडीदाराने दहावी होताच क्लाससाठी खेळ सोडला. तेव्हापासून तिने आइस डान्सचा ध्यास घेतला आहे. तिचा मामा टोरंटोजवळ राहतो. तो म्हणतो, तिला इकडे पाठवा, जोडीदार शोधणारा एक मुलगाही ओळखीत आहे. खर्चासाठी कळव्याची माझी भाड्याने दिलेली खोली विकावी, असे मुलगा सुचवतो. भाडेकरार जूनमध्ये संपतो आहे. खर्चाचा हिशेब सोबत जोडला आहे. परक्या मुलाने मुलीला कमरेला धरून उचलायचे, हे माझ्या पत्नीला रुचत नाही. नात राष्ट्रीय विजेती होऊ शकेल का, आणि मी खोली विकावी का? नाही म्हटले तर नातीच्या आड आजोबा आला, असे होईल.’

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. कळव्याची खोली आता विकू नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबणार आहे, कारण ‘राष्ट्रीय विजेती’ हा शब्द आपल्या घरात ज्या अर्थाने वापरला जात आहे, तो अर्थ या खेळाला नीटसा लागू पडत नाही. शिवाय आपण पाठवलेल्या हिशेबात विमानाचे भाडे, शिकवणीची फी, बुटांची किंमत असे सारे काही आहे, पण ज्याच्यावर ही कारकीर्द उभी राहते त्या जोडीदाराविषयी आपल्या पत्रात एकच ओळ आहे.

आधी खेळ कोणता ते नीट पाहू, कारण घरात बहुधा दोन खेळांची सरमिसळ होत असावी. फिगर स्केटिंगमध्ये जोडीचे दोन प्रकार आहेत. ज्यात मुलीला हवेत फेकतात, डोक्यावर उंच उचलतात आणि दोघे शेजारी-शेजारी मोठ्या उड्या मारतात, ते पेअर स्केटिंग. आइस डान्समध्ये फेकणे नसते, अनेक गिरक्यांच्या उड्या नसतात आणि उचलण्याला सेकंदांची मर्यादा असते. परीक्षक पाहतात ते पात्याची कड किती खोल बसते, दोघांमधले अंतर किती कमी राहते, पावलांचा संगीताशी मेळ कसा बसतो आणि ट्विझल, म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या सलग गिरक्या, दोघांच्या एकाच वेळी होतात की नाही. वरिष्ठ गटात आधी सुमारे २ मिनिटे ५० सेकंदांचा रिदम डान्स (ठरवून दिलेल्या ताल-विषयावरचा) आणि नंतर ४ मिनिटांचा फ्री डान्स (स्वतः निवडलेल्या संगीतावरचा) असतो. या सात मिनिटांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे गुण दोघांना मिळून मिळतात. एकाचे पाऊल चुकले की दोघांचे गुण जातात.

आपली नात या बाबतीत कोरी पाटी नाही, आणि हे आपण मुलाला जरूर सांगावे. रोलरच्या कपल डान्समध्ये ती आउटसाइड आणि इनसाइड एज, म्हणजे पायाच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेवर झुकून स्केट करणे, शिकली आहे, होल्ड (जोडीदाराला धरण्याची पद्धत) बदलणे शिकली आहे आणि पॅटर्नवर, म्हणजे पावलांच्या ठरलेल्या आराखड्यावर, संगीताच्या ठोक्याला पाऊल टाकणे शिकली आहे. वेस्टमिन्स्टर वॉल्ट्झ, युरोपियन वॉल्ट्झ, फोर्टीनस्टेप ही पॅटर्नची नावे चाकांवर आणि बर्फावर सारखीच आहेत. जे नवे शिकावे लागेल तेही कमी नाही. रोलरच्या बुटांची (क्वाड स्केट्सची) चार चाके पायाखाली चौरंगासारखा आधार देतात. बर्फावरच्या पात्याच्या तळाला मधोमध पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांपैकी एकावरच शरीराचा तोल ठेवायचा असतो, त्यामुळे झुकण्याचा कोन बदलतो आणि थांबण्याची रीतही बदलते. पुढच्या टोकाला चाकांवर रबरी स्टॉपर असतो, तर पात्याला दाते असतात, आणि स्टॉपरच्या सवयीने त्या दात्यांवर भार टाकणारी मुले पहिल्या आठवड्यात तोंडघशी पडतात. याला इलाज बर्फावरच्या तासांचा आहे. आपल्याकडच्या मॉलमध्ये बर्फाच्या खोलीत भाड्याचे बूट घालून घालवलेल्या अर्ध्या तासावरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये; तिथे पाय घसरला तरी अपयश नव्हे आणि नाही घसरला तरी प्रतिभा नव्हे.

आता ‘राष्ट्रीय विजेती’ या शब्दाकडे वळते. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना १९९७ मध्ये, ती सात आणि तो नऊ वर्षांचा असताना, स्कॉटच्या मावशीने जोडीला उभे केले. किशोरवयातच घर सोडून ते आधी किचनर-वॉटर्लूला आणि मग अमेरिकेतील मिशिगन राज्यात सरावाला गेले. कॅनडाचे वरिष्ठ गटातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना २००८ मध्ये मिळाले, म्हणजे जोडी जमल्यानंतर अकरा वर्षांनी. त्यांच्याच रिंकवर, त्याच प्रशिक्षकांकडे सराव करणारे अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट हेही १९९७ पासून एकत्र होते. अमेरिकेचे विजेतेपद त्यांना २००९ मध्ये प्रथम मिळाले आणि २०१४ पर्यंत सलग सहा वर्षे त्यांच्याकडेच राहिले. (याच जोडीने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये हिंदी चित्रपटगीतांवर भारतीय नृत्य सादर केले होते. नातीने ते पाहिले असणारच. आपण पाहिले नसेल तर तिच्याकडून दाखवून घ्यावे.) जपानचे दाइसुके ताकाहाशी एकेरीतील २०१० चे जगज्जेते. त्यांनी काना मुरामोतो यांच्यासह आइस डान्समध्ये पदार्पण केले तेव्हा त्यांना बर्फावर उभे राहायला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी जपानचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांना २०२० आणि २०२१ मध्ये मिळाले नाही, ते २०२२ च्या डिसेंबरात मिळाले.

म्हणजे अमेरिका, कॅनडा किंवा जपान यांसारख्या देशांत राष्ट्रीय विजेतेपद हे अनेक वर्षांच्या कामाचे फळ असते, आणि ज्या देशात या प्रकारात मोजक्याच जोड्या उतरतात तिथे तेच पद पहिल्या किंवा दुसऱ्या मोसमातही हाती येऊ शकते. भारत आज या दुसऱ्या गटात मोडतो. मी हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. पहिली वाट पाडणाऱ्याचे कष्ट वेगळेच असतात. पण आपण खोली विकून जे विकत घेणार आहात असे मुलाला वाटते, ते विजेतेपद भारतात तितके महाग नाही, आणि कॅनडात ते पैशाने मिळत नाही. जागतिक स्पर्धेत उतरण्यासाठी किमान तांत्रिक गुणांची अट असते, आणि ती अट घरचे पदक दाखवून पूर्ण होत नाही.

भारतातील बर्फाची परिस्थितीही माहीत असू द्यावी. सिमल्याची उघडी रिंक १९२० पासूनची आहे, पण तिथला बर्फ थंडीने नैसर्गिकरीत्या गोठतो, म्हणून ती हिवाळ्यातले काही आठवडेच चालते. डेहराडूनची आच्छादित रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली गेली, नंतर बरीच वर्षे बंद राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. गुरुग्रामला मॉलमध्ये एक लहान रिंक आहे. ठाण्यातून रोज जाण्यासारखे यांतले काहीच नाही. भारताची एकेरीतील विजेती तारा प्रसाद हिचा जन्म आणि खेळातील जडणघडण अमेरिकेतील आहे, आणि भारतासाठी खेळण्याकरिता तिने भारतीय नागरिकत्व घेतले. मामाकडचा तो मुलगा कॅनडाचा नागरिक असेल, तर हा मुद्दा आपल्यालाही लागू होतो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धांत जोडीतील एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते, पण ऑलिंपिकमध्ये दोघेही एकाच देशाचे नागरिक लागतात आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तेव्हा त्याने आपला पासपोर्ट सोडायचा की आपल्या नातीने, हा प्रश्न आज चौदाव्या वर्षी हास्यास्पद वाटला तरी आठ वर्षांनी तो दोन कुटुंबांच्या मधोमध येऊन बसतो.

जोडीदाराविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण रोलरच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसताना नवी मुंबई आणि ठाण्यातल्या कपल डान्सच्या जोड्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जोड्या आपल्या नातीच्या जोडीसारख्याच अकरावीच्या प्रवेशाच्या महिन्यात मोडल्या आहेत. मागे राहते ती मुलगी. तिचे अर्धे रूटीन दुसऱ्याच्या पायात असते, आणि तो निघून गेला की तिचे काम अर्धेही उरत नाही. अशा वेळी मुलीच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, एक नवे काही करण्याची ओढ आणि दुसरे टाकून दिल्याचे दुःख. आपल्या पत्रातले ‘तेव्हापासून’ हे क्रियाविशेषण मला महत्त्वाचे वाटले. आइस डान्सची आवड जोडीदार जाण्याच्या आधीपासून होती का, हे तिला विचारावे, आणि ते मुलाने किंवा सुनेने नव्हे तर आपणच विचारावे, कारण पहाटेच्या फेऱ्यांमुळे ती आपल्याशी जे बोलते ते इतरांशी बोलत नसणार.

मोठ्या खेळाडूंच्या जोड्याही मोडतात आणि पुन्हा जुळतात. ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल यांनी आधी दुसऱ्या जोडीदारासह पेअर्सचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. ख्रिस्तोफर डीन यांच्याबरोबर त्या १९७५ मध्ये आल्या, १९७८ मध्ये दोघे आइस डान्सचे राष्ट्रीय विजेते झाले आणि १९८४ च्या साराएव्हो ऑलिंपिकच्या फ्री डान्समध्ये त्यांना ६.० असे सर्वोच्च गुण बारा वेळा मिळाले. त्या विमा कार्यालयात कारकून होत्या आणि डीन पोलीस शिपाई. नोकऱ्या सोडून पूर्णवेळ सराव करणे त्यांना शक्य झाले ते नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने अनुदान दिले तेव्हा, आणि तोवर ते राष्ट्रीय विजेते होऊन गेले होते. आपल्या मुलाला हा क्रम दाखवावा असे मला वाटते. अमेरिकेच्या मॅडिसन चॉक आणि एव्हन बेट्स यांचेही पहिले जोडीदार वेगळे होते. २०११ मध्ये ते एकत्र आले, २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले आणि २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे जगज्जेते ठरले. तिसऱ्या विजेतेपदाच्या वेळी चॉक ३२ वर्षांच्या आणि बेट्स ३६ वर्षांचे होते. ज्या खेळात तिहेरी-चौपट गिरक्यांच्या उड्या माराव्या लागत नाहीत, त्यात शरीर इतकी वर्षे साथ देऊ शकते. शिवाय २०२४-२५ च्या मोसमापासून वरिष्ठ गटासाठी किमान वय १७ केले आहे. तेव्हा ‘वय निघून चालले’ म्हणून या जूनमध्येच निर्णय घ्यायला हवा, असे जे आपल्याला सांगितले जात आहे, त्यात फारसे तथ्य नाही. बर्फावर चौदाव्या वर्षी सुरुवात करणे उशिराचेच आहे, हे मी लपवत नाही, परंतु एका वर्षाने तो उशीर फार वाढत नाही.

मामाने सुचवलेल्या मुलाविषयी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तो किती वर्षे आइस डान्स करतो, त्याची उंची किती, त्याच्या आधीच्या किती जोड्या झाल्या आणि त्या का मोडल्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांचा खर्च कोण करणार? या खेळात मुलांची संख्या मुलींपेक्षा बरीच कमी असते, म्हणून अनेकदा मुलीचे कुटुंब मुलाच्या बर्फावरच्या तासांचे आणि शिकवणीचे पैसेही भरते. आपल्या हिशेबात हा रकाना नाही. तसेच नृत्यरचनाकाराचे मानधन, पोशाख, स्पर्धांचा प्रवास आणि दुखापतीचा खर्चही नाही. व्हर्च्यू यांच्या नडग्यांवर २००८ आणि पुन्हा २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. बेट्स यांची टाचेमागची शीर सरावात आधीच्या जोडीदाराच्या पात्याने कापली गेली होती. अशा दिवशी नात मामा-मामींच्या घरी असेल, आणि त्यांना ते पेलेल का, हे त्यांनाच मोकळेपणाने विचारलेले बरे.

काकूंच्या आक्षेपाला आपण ‘जुन्या वळणाचा’ म्हणून बाजूला सारू नये. कमरेला धरणे, उचलणे, चेहरा चेहऱ्याजवळ आणणे हे या खेळाचे तंत्र आहे. ते टाळून आइस डान्स होत नाही, आणि नातीने कपल डान्समध्ये होल्ड शिकलेला असल्याने तिला त्यात वावगे वाटत नसावे. तरीही चौदा वर्षांच्या मुलीला कोण स्पर्श करतो, सरावाला कोण उपस्थित असतो, प्रशिक्षकाविषयी तक्रार करायची तर कोणाकडे करायची, हे प्रश्न आजीने विचारलेच पाहिजेत आणि त्यांची उत्तरे मामाने मिळवलीच पाहिजेत. एक गोष्ट काकूंना सांगता येईल. अमेरिकेचे माया आणि ॲलेक्स शिबुतानी हे सख्खे बहीण-भाऊ २०१६ आणि २०१७ चे राष्ट्रीय विजेते होते आणि २०१८ मध्ये त्यांना ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळाले. त्यांच्या नृत्यांत प्रणयाचा अभिनय नव्हता. प्रत्येक जोडीला राधा-कृष्ण व्हावे लागत नाही. कॅनडाच्या संघटनेने तर २०२२ च्या अखेरीस देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच बदलली. तिथे आता कोणतेही दोन स्केटर एकत्र उतरू शकतात, दोन मुलीसुद्धा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र ही मुभा नाही.

माझी सूचना अशी आहे. येत्या वर्षी नातीने ठाण्यातच राहावे आणि रोलरच्या सोलो डान्समध्ये उतरावे. त्याला जोडीदार लागत नाही, पॅटर्न तेच असतात आणि जोडीदार गेल्याने आलेले रितेपण भरून निघायला त्याचा फार उपयोग होतो. रोलर म्हणजे दुय्यम, असे तिच्या मनात आले असेल तर तिला सांगावे की अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाल यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत आर्टिस्टिक स्केटिंगच्या पेअर्समध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले ते चाकांवरच. त्याचबरोबर भरतनाट्यम किंवा कथक, जे जवळ असेल ते, नियमित सुरू करावे. बर्फावरचे नृत्य पायांनी होत असले तरी पाठ, मान आणि हात यांचे शिक्षण जमिनीवरच होते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांसाठी कोणती स्पर्धा ग्राह्य धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन एकदा विचारून यावे, कारण बर्फावरचे पदक आणि चाकांवरचे पदक यांचे तिथले मोल एकसारखे असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला सहा-सात आठवडे मामाकडे पाठवावे. एवढा खर्च आपल्या हिशेबावरून भाड्याच्या उत्पन्नातून आणि मुलाच्या बचतीतून होण्यासारखा दिसतो. त्या काळात तिने रोज बर्फावर उतरावे, पहिला महिना एकटीने कडा शिकाव्यात आणि शेवटचे काही दिवस त्या मुलाबरोबर सराव करून पाहावा. या खेळात जोडी जमवण्याआधी असा सराव घेण्याची रीतच आहे आणि नकार दिल्यास कोणी रागावत नाही. परत आल्यावर तिथल्या प्रशिक्षकाने लिहून दिलेले मत, मामींचे मत आणि तिचे स्वतःचे मत अशी तीन मते एकत्र ठेवून मग पुन्हा बोलावे. तोवर ती पंधरा वर्षांची झालेली असेल आणि आपल्या आयुष्याविषयी आजच्यापेक्षा अधिक स्पष्टपणे बोलू शकेल.

‘नातीच्या आड आजोबा आला’ या आपल्या भीतीविषयी इतकेच लिहिते की सात वर्षे पहाटे उठून रिंकच्या कठड्याशी बसणारा माणूस आड आला, असे ती मुलगी तरी म्हणणार नाही. मुलगा कदाचित म्हणेल. त्याला हे पत्र वाचायला द्यावे आणि नकार आपला नसून माझा आहे, असे खुशाल सांगावे. सल्ला देणाऱ्यांना तेवढा वाईटपणा घ्यावाच लागतो. आणि कळव्याचा भाडेकरार जूनमध्ये संपतो आहे, असे आपण लिहिले आहे, तर भाडेकरू चांगला असल्यास तो नेहमीप्रमाणे आणखी ११ महिन्यांसाठी करून घ्यावा.